बिगुलवाल्याची कवळी

ननंदेला संगीत शिबिराला एकटीने जायचं नव्हतं, म्हणून तिने न विचारता वहिनीचंही नाव घातलं. त्यामुळे दातांची डॉक्टर असलेली वहिनी बावन्नाव्या वर्षी ट्रम्पेट घेऊन समुद्रकाठच्या लष्करी किल्ल्यावर दाखल झाली. ननंद व्हायोलिनच्या वर्गात रमली. ट्रम्पेटच्या वर्गात मात्र डॉक्टरीणबाईंनी फुंक मारली की बाकीचे खाली बघायचे. सरांनी दोन दिवस कळ काढली आणि तिसऱ्या दिवशी, एकांतात सराव चांगला होतो असं सांगून, त्यांची रवानगी जुन्या दारूकोठारात केली. तिथल्या भिंती हातभर जाड होत्या.

कोठाराच्या झरोक्यातून समोर झेंड्याचा खांब दिसायचा. रोज संध्याकाळी झेंडा उतरवताना तिथला हवालदार बिगुल वाजवायचा. धून छोटी होती. बाई झरोक्याशी उभ्या राहून ती चोरून गिरवू लागल्या. गिरवता गिरवता त्यांच्या लक्षात आलं, की हवालदाराचे गाल फुगतात, पण ओठ हलत नाहीत. आवाज येत होता तो तोफेआड ठेवलेल्या स्पीकरमधून.

पाचव्या दिवशी झेंडा अर्ध्यावर असताना स्पीकरने मान टाकली. झेंड्यासमोर उभ्या किल्ल्याच्या मुख्य साहेबांचा हात सॅल्यूटमध्ये, हवालदाराचे गाल फुगलेले आणि सगळीकडे शांतता. बाईंना राहवलं नाही. त्यांनी झरोक्यातून उरलेली धून फुंकली. सूर कुठल्या कुठे गेले, पण झेंडा खाली आला. आज वारा उलटा आहे, एवढंच साहेब बोलले आणि निघून गेले.

थोड्या वेळाने हवालदार कोठारात आला.

"बाई, तुम्ही माझी लाज राखलीत," तो म्हणाला. "पण वाजवलंत फार वाईट."

"मग शिकवा."

मग त्याने खरं काय ते सांगून टाकलं. होडीची कप्पी तोंडावर आदळून त्याचे पुढचे चार दात गेले होते. नवी कवळी फुंकताना निसटायची. बिगुल गेला तर किल्ल्यावरून बदली होईल, या धास्तीने त्याने स्वतःचंच जुनं वादन स्पीकरवर लावायला सुरुवात केली होती. चार महिने हे कुणाला, अगदी बायकोलाही, कळलं नव्हतं.

"तोंड उघडा," बाई म्हणाल्या.

रविवारी शिबिराला सुट्टी होती. बाईंनी त्याला गावातल्या एका मैत्रिणीच्या दवाखान्यात नेलं आणि कवळी अशी बसवून दिली, की जांभई दिली तरी हलायची नाही. त्या बदल्यात हवालदार रोज दुपारी कोठारात येऊन ओठ कसे आवळायचे ते दाखवू लागला. शिकवताना तो फार कडक होता. संध्याकाळी झेंड्यापाशी मात्र दुरुस्त केलेला स्पीकरच वाजत राहिला. ननंदेला वाटलं, वहिनी कोठारात झोपा काढते.

समारोपात बाईंना चार सूर वाजवायला मिळाले. त्यांतले तीन बरोबर आले. ननंदेने पहिल्या रांगेतून इतक्या टाळ्या वाजवल्या, की सरांनी तिच्याकडे वळून पाहिलं.

त्याच संध्याकाळी हवालदाराने चार महिन्यांत पहिल्यांदा स्वतः बिगुल वाजवला. धून जरा थरथरली, एक सूर घसरला. साहेब त्याच्यापाशी थांबले.

"कालपर्यंत किती सुंदर वाजवायचास. हल्ली लक्ष नाही तुझं."

"होय साहेब," हवालदार म्हणाला, आणि सगळे दात दाखवून हसला.