मडगार्डवरचा चिखल

मडगार्डवर चिखल चढवून आठ दिवस झाले, आणि तो चिखल आपला नाही, अशी बोर्झिवोयची खात्री पटली. त्यानं लावलेला गडद होता. हा पिवळट होता.

ओलोमोउत्स शहरातल्या आपल्या घराच्या तळघरात तो तीस वर्षं मॉडेलं रंगवत होता. ही साइडकारची लष्करी मोटारसायकल, जेमतेम बोटभर. टाकीवरचे टवके त्यानं स्पंजाच्या तुकड्यानं टिपले होते, सायलेन्सरवर गंजाची पूड चोळली होती. त्या कशालाच कुणाचा हात लागला नव्हता. चिखलाला मात्र लागला होता.

बाहेरचा माणूस इथं एकच यायचा, तो क्लबातला जुना सोबती ओतकार. क्लबाचं प्रदर्शन पंधरा दिवसांवर होतं आणि तिथल्या स्पर्धेत तोही उतरणार होता.

शनिवारी ओतकार वाकून मॉडेल बघत म्हणाला, "चिखल अगदी खरा वाटतोय."

"आधी खोटा वाटत होता?"

"मी कुठं तसं म्हणालो?" ओतकारनं नजर हातातल्या कॉफीच्या कपात घातली.

बोर्झिवोयनं त्या दिवसापासून मॉडेलवरच्या काचेच्या झाकणाच्या कडेला टाल्कम पावडर भुरभुरून ठेवली. मंगळवारी बाजारातून आला, तर पावडर पुसलेली. आणि स्वयंपाकघरात बायकोच्या, क्वेताच्या, काळ्या स्वेटरची बाही पांढरी.

"तू गेली होतीस खाली?"

क्वेता खोटं बोलली नाही. "तू चिखल जांभळा लावला होतास. ओतकारनं पाहिला. तुला सांगायला त्याची जीभ रेटेना, म्हणून मला सांगितलं. रंग त्यानं कालवून दिला, लावला मी. एक डाग राहिला होता, तो आज झाकला."

"जांभळा? मला काय रंग कळत नाहीत?"

तिनं खालून रंगाच्या दोन डब्या आणून खिडकीत ठेवल्या. "यातली जांभळी कुठली?"

तो बराच वेळ बघत राहिला. त्याला दोन्ही तपकिरीच दिसत होत्या. चोर सापडला असता तर बरं, असं त्याला वाटून गेलं.

डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला, रंग त्यामुळंच फसतायत म्हणाले, ऑपरेशनची तारीख शरदातली दिली. चिखल आपल्या हातचा नाही, म्हणून त्यानं मोटारसायकल प्रदर्शनाला पाठवली नाही.

प्रदर्शनानंतरच्या शनिवारी ओतकार आला, दारातच घुटमळला.

"तोंडावर सांगायचंस," बोर्झिवोय म्हणाला.

"सांगितलं असतं, तर पुन्हा दार उघडलं असतंस मला?"

बोर्झिवोयनं विचार केला. "नसतं," तो म्हणाला, आणि बाजूला सरून त्याला आत घेतलं.