मोकोतूफमधला तो हात

माझ्या दुकानात एके काळी पोलंडच्या सैन्याचा गुप्तवार्ता अधिकारी टीव्ही दुरुस्त करायचा, असं मी सांगितलं की लोक हसतात. हसू देत. सेवेरिन वाश्चुक त्याचं नाव. हुद्दा कॅप्टन. तो कॅप्टनचा मेजर व्हायच्या बेतात होता आणि झाला माझा कारागीर. त्याला कारण मी, असं त्याचा कर्नल म्हणायचा. मी म्हणतो, कारण ती पाकोळी.

सन बासष्टचा ऑक्टोबर. क्युबावरून सगळं जग दात आवळून बसलं होतं. मी मार्सेली कोपेच, वॉर्सात मोकोतूफ भागात, नव्या इमारतींच्या रांगेत रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवत होतो. एका दुपारी बायको, तेक्ला, बटाट्याचे वडे तळत होती आणि दोन माणसं आत आली. कुठल्या खात्याची ते त्यांनी सांगितलं नाही.

"कोपेच तूच?"

"हो. टीव्ही आणलाय का?"

"तुलाच न्यायला आलोय."

तेक्ला हातातला झारा घेऊन दारापर्यंत आली. "जेवायला बसतोय तो!"

"तिकडेही जेवण मिळतं, बाई."

मिळत होतं, पण त्याला जेवण म्हणणं हा तेक्लाचा अपमान झाला असता.

प्रकरण काय ते मला नंतर सेवेरिनकडून कळलं. शहराबाहेरच्या जंगलात सैन्याचं एक ऐकण्याचं केंद्र होतं. तिथली माणसं दिवसभर कानाला यंत्र लावून परक्यांचे बिनतारी संदेश टिपायची. तिथलं काम ऐकण्याचं. बोलायला सक्त मनाई, कारण बोललात तर शत्रूला तुमचा ठावठिकाणा कळतो. सेवेरिन तिथला सगळ्यांत तिखट कान. बिनतारी संदेशाचे ठिपके आणि रेघा ऐकून पलीकडचा माणूस डावखुरा आहे की नाही, हे तो सांगायचा. प्रत्येकाच्या हाताची लकब वेगळी, बोलण्याच्या ढबीसारखी.

एक दिवस भर दुपारी एक अनोळखी संदेश आला. मजकूर एवढाच: "पाकोळी बोलतेय. ऐकू येतंय का? उत्तर द्या." दिशा शोधणाऱ्या यंत्रांनी जागा काढली, ती नेमकी माझ्या इमारतीची. आणि त्या इमारतीत बिनतारी यंत्रातलं कळणारा एकच माणूस. मग काय, शेजारणीच्या टीव्हीपेक्षा जास्त गुंतागुंतीचं काही न उघडलेला मी, एका रात्रीत परदेशी हेर झालो.

"संदेश पाठवायची की दाबून दाखव," चौकशीवाला म्हणाला.

"मी टीव्हीच्या डोक्यावर दाबतो, साहेब. चित्र हलायचं थांबतं."

त्याला विनोद कळला नाही. दात मात्र माझा एक हलला.

इकडे सेवेरिनची झोप उडाली होती. तो हात त्याने पहिल्या ओळीलाच ओळखला होता. शेवटची रेघ जरा ओढायची, एखादी बाई बोलता बोलता शब्द लांबवते तशी. असा हात त्याने आयुष्यात एकच ऐकला होता. त्या हाताची मालकीण चव्वेचाळीसच्या ऑगस्टात, जर्मनांविरुद्धच्या वॉर्साच्या उठावात, बॉम्बखाली गेली होती.

पण हे सांगायचं कसं? लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारच्या बाजूच्या भूमिगत सैन्यात तो पोरवयात होता, हे त्याने कुणाला सांगितलंच नव्हतं. त्या सैन्यातल्या माणसांना युद्धानंतर कम्युनिस्टांच्या राज्यात काय काय भोगावं लागलं, ते आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आपण तो उन्हाळा खेड्यात आत्याकडे कोबी काढत होतो, असं त्याने सैन्यात भरती होताना सांगितलं होतं. त्या कोबीवरच त्याची सगळी नोकरी उभी होती.

मला पकडल्याचं कळलं आणि तो सरळ कर्नल स्त्रोयेकच्या खोलीत गेला.

"तो मिस्त्री निर्दोष आहे, साहेब. हा त्याचा हात नाही."

"कशावरून?"

"आज दुपारी पाकोळी परत बोलेल. लहरी बदलून, वरच्या पट्टीवर. मिस्त्री तुमच्या कोठडीत आहे ना? मग या, ऐका."

स्त्रोयेक जाडजूड, शिवराळ, पण कामाचा पक्का माणूस. तो आला, कानाला यंत्र लावून बसला. दुपारी, सेवेरिन म्हणाला त्याच पट्टीवर, ठिपके-रेघा सुरू झाल्या. पाकोळी बोलतेय. ऐकू येतंय का? उत्तर द्या.

कर्नलने यंत्र काढलं. "तुला वेळापत्रक कसं माहीत? वाश्चुक, एक तर तू हेर आहेस, नाहीतर..."

"नाहीतर," सेवेरिन म्हणाला. "मी तिचा मदतनीस होतो. पाकोळी हे तिचं टोपणनाव. इर्मिना. अठरा वर्षांपूर्वी मेली, साहेब. मिस्त्रीची इमारत आहे त्याच जागी. तेव्हा तिथे दुसरं घर होतं."

"म्हणजे तू कोबी काढत नव्हतास."

"एकही नाही."

संदेश चालूच होता. ऐकू येतंय का? सेवेरिन उठला. शेजारच्या खोलीत अडीअडचणीसाठी ठेवलेलं प्रक्षेपण यंत्र होतं. कर्नल ओरडला, "हात लावलास तर कोर्टात उभा करीन!" सेवेरिनने हात लावला. त्या केंद्रातून आजवर एक ठिपका बाहेर गेला नव्हता. त्याने की दाबली: ऐकू येतंय.

थोडा वेळ नुसती खरखर. दारात कर्नल, त्याच्या मागे दोन ऑपरेटर. मग उत्तर आलं. शेवटची रेघ ओढलेली.

पाणी मिळालं का?

सेवेरिनचा चेहरा पाहून कर्नलचा आवाज आपोआप खाली आला. "कसलं पाणी?"

"तिने मला पाणी आणायला पाठवलं होतं," सेवेरिन म्हणाला. "विहिरीवर रांग होती. परत आलो तर घर नव्हतं."

त्याने की दाबली: मिळालं.

पलीकडून एकच शब्द आला, "छान." आणि ती पट्टी गप्प झाली. त्यानंतर कुणीही कितीही ऐकलं तरी तो हात पुन्हा कधी आला नाही.

कर्नलने ऑपरेटरांना बाहेर काढलं आणि दार लावलं. "हे बघ, पोरा. हवेतला बिघाड, जुना प्रतिध्वनी, काहीतरी लिहू. तुझा कोबी मी विसरतो. मिस्त्रीला वसंत ऋतूपर्यंत गुपचूप सोडून देऊ."

"आजच सोडा. आणि मी ऐकलं तेच लिहिणार."

"गुप्तवार्ता खात्यात भुतांना हुद्दा नसतो, वाश्चुक!"

"मग माझाही काढून घ्या."

काढून घेतला. कोर्टात मात्र उभं केलं नाही, कारण उभं केलं असतं तर नेमकं काय झालं ते कुणाला तरी मोठ्याने वाचावं लागलं असतं. मला त्याच संध्याकाळी सोडलं, काढून घेतलेल्या बुटांच्या नाड्या परत न देताच.

पुढे बर्फ पडायला लागल्यावर एक उंच माणूस दुकानात आला. सैन्याचा कोट, हुद्द्याच्या पट्ट्या उसवलेल्या.

"मिस्त्री, काम आहे का?"

"कुठे होतास याआधी?"

"तुम्हाला सोडवत होतो," तो म्हणाला, आणि उभ्या उभ्याच त्याने सगळी हकिकत सांगितली. त्याला कुणी नोकरी देत नव्हतं. तेक्ला आतून ऐकत होती. ती बाहेर आली, त्याला खुर्चीवर दाबून बसवलं आणि पुढ्यात आंबवलेल्या कोबीचं भांडं ठेवलं.

"खा. हा कोबी खरा आहे."

तो इतका हसला की खोकला लागला. पहिले काही महिने तो झाळकाम असं करायचा की जणू भिंतीला चिखल फासतोय. मी शिव्या द्यायचो, तो "जी मिस्त्री" म्हणायचा. पण बिघाड ओळखण्यात त्याला तोड नव्हती. टीव्ही नुसता गुणगुणला की आतला कुठला दिवा, म्हणजे व्हॉल्व्ह, गेलाय ते तो सांगायचा. वर्षभरात लांबून लांबून गिऱ्हाइकं यायला लागली.

एकदा मी विचारलंच, "पस्तावतोस का रे?"

"कशाला? तिकडे सगळे माझ्याशी खोटं बोलायचे आणि मी त्यांच्याशी. इथे फक्त तुम्ही खोटं बोलता, तेही गिऱ्हाइकाशी."

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात दारात एक गाडी थांबली. पिकलेल्या मिशांचा एक जाडा म्हातारा धापा टाकत टीव्ही घेऊन आला. निवृत्त कर्नल स्त्रोयेक. फुटबॉलच्या विश्वचषकात तिसऱ्या क्रमांकासाठी ब्राझीलशी आमचा सामना त्याच दुपारी, आणि ह्याच्या पडद्यावर नुसत्या मुंग्या.

"अख्ख्या वॉर्सात दुसरा मिस्त्री नव्हता का?" सेवेरिनने विचारलं.

"होते. पण तू चांगला आहेस म्हणतात." म्हातारा जरा घुटमळला. "मी शोधलं होतं, वाश्चुक. तू गेल्यावर. तळघरं खणली, तारा तपासल्या, प्रत्येक भाडेकरूची कुंडली काढली. काही सापडलं नाही."

"माहीत होतं."

"तिथे खरंच ती होती, असं तुला वाटतं?"

"वाटत नाही, साहेब. मी तिच्याशी बोललो."

स्त्रोयेकने मान हलवली, पण वाद घातला नाही. सेवेरिनने मागचं झाकण उघडलं, कान लावला, एक दिवा बदलला. चित्र आलं, पण तोवर खेळाडू मैदानात उतरत होते आणि म्हाताऱ्याला घरी पोचायला वेळ नव्हता. तेक्लाने त्याला रिकाम्या खोक्यावर बसवलं आणि हातात काकडीचं लोणचं दिलं. शेजारीपाजारी जमले. आमच्या पोराने गोल मारला तेव्हा कर्नल खोक्यावर उभा राहून इतक्या जोरात ओरडला की खोकं मोडलं. सेवेरिनने त्याला वरच्या वर धरलं, आणि दोघं एकमेकांना मिठी मारून नाचायला लागले.