नित्याचं बदक

चार वर्षांची नित्या जूनमध्ये बालवाडीत आली, तेव्हा रंगखडू मुसळासारखा मुठीत धरायची. दोन फराटे ओढले की बोटं दुखायची आणि ती खडू टाकून द्यायची. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीतली ती लहानशी शाळा. वर्गातली बाकीची मुलं घरी तमिळ बोलणारी, नित्याच्या घरी मात्र मराठी. तिच्या बाई अखिला मिस, त्याही मराठी घरातल्याच. त्यामुळे काही सांगायचं झालं की नित्या त्यांच्या कानाशी येऊन मराठीत सांगायची.

अखिलानं तिच्यावर मेहनत घेतली. खडू मोडून नखाएवढे तुकडे केले, कारण एवढासा तुकडा चिमटीतच धरावा लागतो. कागद भिंतीला चिकटवून उभ्यानं रंगवायला लावलं, म्हणजे मनगटात बळ येतं. आधी मोठे आकार आणि जाड रेघा, मग हळूहळू लहान. बोटांना व्यायाम म्हणून शुक्रवारी रद्दी कागदांचे बारीक तुकडे करायला द्यायची.

जानेवारीत नित्यानं एक बदक पहिल्यांदा पूर्ण रंगवलं. तपकिरी. ओरत्तनाडू गावाच्या वाटेवर, कापलेल्या भातशेतांत चरणारी बदकं तिनं बसच्या खिडकीतून पाहिली होती आणि ती तशीच होती. दोन जागी रंग रेघेबाहेर गेला होता, पायाशी जोर लावल्यानं कागद फाटला होता, पण कोरी जागा कुठेच नव्हती. दिवसभर तिनं त्या कागदाला कुणाला हात लावू दिला नाही.

फेब्रुवारीत पालकांसाठी प्रदर्शन होतं. मुख्याध्यापिका धनलक्ष्मी मॅडमनी चित्रं चाळली, नऊ कागद बाजूला काढले, त्यात नित्याचं बदकही होतं, आणि हे नवे करून लावा म्हणाल्या. मुलांनी केलेलंच पालकांना आवडेल, असं अखिलानं म्हणून पाहिलं. पुढच्या वर्षीचे प्रवेश याच भिंतीवर ठरतात, असं मॅडमनी सांगितलं. अखिलाची नोकरी जूनपासून कायम व्हायची होती. दुपारी मुलं झोपलेली असताना तिनं एक सुबक पिवळं बदक रंगवलं. मुलीनं केलंय असं वाटावं म्हणून चोचीपाशी रंग मुद्दाम जरासा बाहेर काढला आणि खाली नित्याचं नाव लिहिलं.

प्रदर्शनाला नित्याचे आजोबा बाळकृष्णराव आले. हायस्कूलात तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेले, ताठ कण्याचे. पिवळं बदक पाहून ते खूश झाले आणि शेजारच्या पालकांना नातीचं काम दाखवू लागले. नित्या मात्र भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा जाऊन आली. मग आजोबांचा हात ओढून म्हणाली,

"हें माझं नोहे. माझं बदक तपकिरी."

पालक वळून पाहू लागले. खाली तुझंच नाव आहे, असं आजोबांनी समजावलं. नित्यानं मान हलवली आणि अखिलाकडे बोट केलं. मिसला माहीत आहे, मिसला विचारा.

धनलक्ष्मी मॅडम दोन पावलांवर उभ्या होत्या. बाळकृष्णरावांनी सगळ्यांना कळावं म्हणून तमिळमध्ये विचारलं, "सांगा मिस, हे कोणी रंगवलं?"

"नित्यानंच," अखिला म्हणाली. मग नित्याकडे वळून मराठीत म्हणाली, "विसरलीस का गं?"

आपल्या घरात कुणी खोटं बोलत नाही, असं आजोबा शांतपणे म्हणाले आणि त्यांनी नातीला मिसच्या पाया पडायला लावलं. ती वाकेना, तेव्हा मानेवर हात ठेवून वाकवलं. अखिलाच्या पायांना तिची बोटं लागली. अखिलानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लहान आहे, असू दे, असं म्हटलं. मॅडम हसल्या.

पुढच्या शुक्रवारी रद्दीचं खोकं वर्गात आलं. मुलं कागद उपसू लागली आणि नित्याला त्यात तिचं बदक सापडलं. ती ते दोन्ही हातांत धरून अखिलापाशी आली. ते तिच्यासमोर धरलं. पायाशी फाटलेलं, तपकिरी. तेवढ्यात मॅडम व्हरांड्यातून येताना दिसल्या.

"हो, तुझंच आहे," अखिला हळूच म्हणाली. "आता फाड. सगळे फाडतायत ना?"

नित्या जागेवर जाऊन बसली. तिनं कागदाची कड चिमटीत धरली, अंगठा आणि दोन बोटं, शिकवली होती तशीच, आणि बारीक, सारखे तुकडे करत गेली. वर्गात इतके नीट तुकडे कुणाचेच झाले नाहीत. मॅडमनी तिच्या पाठीवर थाप मारली.

त्यानंतर मिस सांगतील ते नित्या रंगवायची, सांगतील त्या रंगात. अखिलाच्या कानाशी ती पुन्हा आली नाही.

एप्रिलमध्ये प्रगतिपुस्तक न्यायला बाळकृष्णराव आले. बोटांच्या कामापुढे 'उत्तम' लिहिलेलं पाहून त्यांनी अखिलाचे मनापासून आभार मानले.

"त्या दिवशी तुम्ही खरं सांगितलंत, बरं केलंत," ते म्हणाले. "पोर सुधारली. आता घरात फारसं बोलतच नाही."

अखिलानं हसून हात जोडले आणि पुढच्या पालकांना आत बोलावलं.