धोंड्याचं ताट

हिवरमाळच्या श्रीमंत नावाच्या माणसानं आयुष्यात एकच लबाडी केली, आणि तीही त्याला धड जमली नाही. लेकीच्या लग्नात जावयाला नवी सायकल द्यायची कबूल केली होती. दिली ती पाथर्डीच्या बाजारातून आणलेली जुनी, वरून हिरवा रंग मारलेली. बरं, मारलास रंग, तर निदान वाळू तरी द्यायचा! पण या बाबाला घाई. आदल्या संध्याकाळी रंग मारला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी वऱ्हाडापुढं सायकल उभी केली. नवरदेव कानिफनाथ ऐटीत बसला, भैरोबाच्या देवळाला एक फेरी मारून उतरला आणि पाठमोरा झाला. नव्याकोऱ्या पांढऱ्या पँटीवर हिरवागार शिक्का! वाजंत्री वाजवायचे थांबले. त्या पंगतीत बुंदीपेक्षा हसणंच जास्त वाढलं गेलं.

कानिफनाथ तसा गुणी पोरगा, पण ताठ मानेचा. त्यानं ती सायकल मांडवाच्या खांबाला टेकवली आणि निघताना सासऱ्याला सगळ्यांदेखत सांगितलं, "मामा, कारखान्याचा कागद अंगावर असलेली सायकल माझ्या दारात येईल, त्या दिवशी तिच्यावर बसवून चांगुणाला म्हायेरी आनीन. तवर न्हाई."

याला दोन वर्षं झाली. दोन पंचम्या गेल्या, दोन दिवाळ्या गेल्या, चांगुणा काही आली नाही. मधे एकदा श्रीमंत नाक मुठीत धरून जावयाच्या गावी गेला. नवी सायकल घेऊन देतो म्हणाला. जावयानं चहा पाजला, पान दिलं, मान सगळा ठेवला आणि सांगितलं की तुमची आता नको, माझी मी आणीन. चांगुणा पाया पडायला वाकली तेव्हा श्रीमंताच्या पायावर पाणी पडलं. तो परत आला आणि बायकोला, मालनबाईला, पोरगी मजेत हाय म्हणून सांगितलं. मालनबाईनं अर्थातच विश्वास ठेवला नाही.

बाहत्तर सालचा वैशाख अधिक आला. धोंड्याचा महिना! लग्नानंतरचा पहिलाच. या महिन्यात जावयाला बोलवून, पाटावर बसवून, पुरणाचे धोंडे आणि तेहतीस अनारसे द्यायचे असतात. ज्याच्या दारात जावई येत नाही त्याला भावकी वर्षभर टोचून खाते. श्रीमंताचा चुलतभाऊ गहिनीनाथ तर यातला पटाईत. रोज सकाळी ओट्यापुढून जाताना विचारायचा, "मग, पाव्हनं कधी येनार?"

त्याच महिन्यात भिंगारच्या एका व्यायाम मंडळाला सायकलींची स्पर्धा काढायची हुक्की आली. एक दिवसाची नव्हे, चांगली चार दिवसांची. भिंगारहून निघायचं, पाथर्डीकडची माळरानं तुडवायची, गोदावरीच्या खोऱ्यात उतरायचं, मुळेच्या काठानं वर यायचं आणि महाराष्ट्र दिनाला पुन्हा भिंगार गाठायचं. घोंगडी, भाकरी, पंक्चरचं सामान, सगळं आपलं आपण सायकलवर वाहायचं. अंधार पडेल तिथं अंग टाकायचं. आणि मुख्य अट अशी की, खायचं ते फक्त पडशीतलं. वाटेत पाणी कुणाचंही प्यावं, पण कुणाच्या घरचा घास तोंडात घातला की बाद. वाटेवरच्या आठ गावांत आठ पंच, त्यांनी कार्डावर सही करायची. पहिलं बक्षीस, नवी सायकल. कागदासकट.

आपल्या गावच्या मास्तरांची सायकल मागून घेऊन कानिफनाथनं नाव दिलंय, ही बातमी वाटेवरच्याच हिवरमाळात पोचली, तसा श्रीमंत दोन दिवस गावभर फिरला. हात जोडले, दाढ्या धरल्या आणि गावचं पंचपद पदरात पाडून घेतलं. भैरोबाच्या पायरीवर नारळ फोडून, कुणालाही घास खाऊ देणार नाही अशी शपथही घेतली. त्याचा हिशेब सरळ होता. जावई जिंकला म्हणजे सायकल आली, सायकल आली म्हणजे चांगुणा आली. आपण फक्त डोळ्यांत तेल घालून सही करायची.

मालनबाईनं मात्र डाळ भिजत घातली.

श्रीमंतानं तिला अट समजावून सांगितली. एकदा शांतपणे, दुसऱ्यांदा ओरडून. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली की असली अट काढणाऱ्याला सासू नसणार. धोंड्याच्या महिन्यात जावई दारावरून उपाशी गेला तर भैरोबा तुमची शपथ बघेल का माझं पाप बघेल? पुरण शिजलं. त्याचा वास पार चावडीपर्यंत गेला आणि गहिनीनाथ नाकाची दिशा धरून येऊन ओट्यावर बसला.

तिसऱ्या दिवशी, ऊन डोक्यावर आल्यावर माळावरून धूळ उठली. सगळ्यांच्या पुढं कानिफनाथ होता. पण त्याची अवस्था बघवत नव्हती. ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले, मागची पडशी नुसतीच फडफडत होती. पाण्याचे दोन तांबे घशाखाली गेल्यावर त्यानं काय झालं ते सांगितलं. आदल्या दिवशी संध्याकाळी तो धनगरांच्या वाड्याशेजारी झोपला आणि त्यांच्या शेळ्यांनी त्याच्या दोन दिवसांच्या भाकरी चटणीसकट फस्त केल्या. चटणीसुद्धा सोडली नाही मेल्यांनी. म्हणजे काल सांजेपासून पोटात अन्नाचा कण नव्हता. त्याच्यामागचा स्पर्धक, एक फौजी गडी, तासाभराच्या अंतरावर होता, आणि भिंगार अजून एका दिवसाच्या पल्ल्यावर.

श्रीमंतानं सही केली, कार्ड हातात दिलं आणि आता निघा म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात मालनबाई पदर सावरून दारात आली. जावयाशी थेट कशी बोलणार, म्हणून खांबाकडं बघून म्हणाली, "पाट मांडलाय म्हनावं."

कानिफनाथनं सायकलीकडं बघितलं, मग दाराकडं बघितलं. दोन वर्षं ज्या उंबऱ्याला त्यानं पाय लावला नव्हता, तो ओलांडून तो सरळ आत गेला आणि पाटावर बसला. पुरणाच्या वासापुढं ताठ मान काय करणार? मालनबाईनं ताट मांडलं. टम्म फुगलेले धोंडे, वर तुपाची धार, बाजूला अनारसे. बाहेर अर्धा गाव जमला होता. खिडकीत गहिनीनाथ होताच.

आता श्रीमंताची काय गत झाली असेल, ती ज्याची त्यानं ओळखावी. या एका क्षणासाठी तो दोन वर्षं झुरला होता. जावई पाटावर, पुढं धोंडा, भावकी बघतेय. डोळे मिटून घेतले असते तर काम झालं असतं. पण घास तोंडात गेला की जावई बाद. बाद झाला की सायकल गेली, आणि सायकल गेली की आपली पोरगी गेली. शिवाय भैरोबाच्या पायरीवर फोडलेला तो नारळ. लबाडी एकदा करून बघितली होती, तिनं पोरगी नेली होती.

कानिफनाथनं धोंडा मोडला. हात तोंडाकडं निघाला आणि श्रीमंत वाकला, त्याचं मनगट धरलं, दुसऱ्या हातानं पुढचं ताट उचललं.

"उठा पाव्हनं," तो म्हणाला. "पंच हाय मी. घास गेला तर बाद करावं लागंल."

मालनबाईनं तोंडाला पदर लावला. कानिफनाथनं सासऱ्याच्या कापऱ्या हातांकडं बघितलं. मग हातातला तुकडा ताटात टाकला, हात झटकले आणि तो बाहेर जाऊन सायकलवर बसला. उताराला लागेपर्यंत त्यानं मागं वळून पाहिलं नाही. श्रीमंत ताट धरून तसाच उभा. तूप काठावरून मनगटावर ओघळत होतं.

पुढचे चार दिवस त्याला हिवरमाळ नकोसं झालं. जावयाच्या पुढचं ताट ओढणारा सासरा म्हणून गहिनीनाथनं पंचक्रोशीत डंका पिटला. मालनबाई तर बोलतच नव्हती, भाकरी तेवढी पुढं सरकवायची. दोन तारखेला एस.टी.च्या कंडक्टरनं निकाल सांगितला. सायकल फौजी गड्यानं नेली. मुळेच्या वाळूत सायकल ढकलताना कानिफनाथला घेरी आली आणि सगळी आघाडी गेली. दुसरा आला. दुसऱ्याला थर्मास.

थर्मास! श्रीमंत गोठ्यात जाऊन बसला आणि गुडघ्यात डोकं घालून पोरासारखा रडला. धोंडाही गेला, सायकलही गेली. पोरगी आता कशाची येते? उगाच पंच झालो, उगाच खरं वागलो, असंही त्याला वाटून गेलं.

चौथ्या दिवशी दुपारची एस.टी. फाट्यावर थांबली. आधी कानिफनाथ उतरला, काखेत थर्मास. मागून चांगुणा. घरापर्यंत यायला त्यांना अर्धा तास लागला, कारण सगळं गाव आडवं आलं. मालनबाई धावत जाऊन लेकीच्या गळ्यात पडली. श्रीमंत मात्र दारातच खिळला. विचारायचा धीर होईना आणि विचारल्याशिवाय राहवेना.

"सायकल न्हाई आली, मामा," कानिफनाथच म्हणाला. "एस.टी.नं आलो."

मग पायरीवर बसून त्यानं सांगितलं. नदीपर्यंत तो सासऱ्याला शिव्या देत गेला होता. वाळूत घेरी येऊन पडला, तेव्हा डोळ्यांपुढं सारखे सासऱ्याचे हातच यायला लागले. ताट उचलताना कसे कापत होते ते हात. तिथं पडल्या पडल्या त्याच्या ध्यानात आलं की एवढा जीव तुटत असताना जो माणूस खरं वागला, त्याच्यावर एका डब्बाभर रंगासाठी दोन वर्षं रुसून बसलो होतो. आता अजून किती रुसायचं?

एवढं बोलून तो उठला, हातपाय धुतले आणि आत जाऊन पाटावर बसला.

"तुमी उचललेलं ताट तुमीच आना," तो म्हणाला. "दुसऱ्याच्या हातचं खानार न्हाई."

मालनबाईनं पुरण घालायला तिन्हीसांजा केल्या. तोवर जावई पाटावरून हलला नाही, थर्मासातला चहा पीत बसला. ताट तयार झालं तसं श्रीमंतानं ते दोन्ही हातांनी धरून आणलं, तरी ठेवताना तुपाची वाटी कलंडलीच. चांगुणानं पुढं होऊन ती सरळ केली आणि नवऱ्याशेजारी जमिनीवरच बसली.

"आबा," ती म्हणाली, "मला बी वाढा की."