सर्वज्ञांच्या बोटांखाली

मी एक जुना कीबोर्ड आहे आणि मला किळस आली आहे. मित्रांनो, आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू सहसा गोड बोलतात. झीज झाली तरी तक्रार नाही, अडगळीत पडले तरी राग नाही. मला ते जमायचं नाही. एकोणीस वर्षं ज्याच्या अंगावर बिस्किटांचा भुगा, चहाचे ओघळ आणि एकाच माणसाची मतं पडत राहिली, त्याने गोड बोलायचं तरी कशाच्या जोरावर?

माझा जन्म पांढऱ्या दिव्यांच्या एका लांबलचक कारखान्यात झाला. माझ्या प्रत्येक बटणाखाली धातूची स्प्रिंग आहे. शेवटच्या टेबलावरच्या बाईने माझी सगळी बटणं एकामागून एक दाबून पाहिली. त्यातलं एक जरा अडखळत होतं. तिची पाळी संपली होती, बाकीच्या जणी चपला घालून निघाल्याही होत्या, तरी तिने ते बटण उचकटलं, नीट बसवलं, पुन्हा पाच-सहा वेळा दाबलं आणि मगच मला खोक्यात घातलं. कामाचा हात कसा असतो ते मी आयुष्याच्या पहिल्याच दिवशी पाहिलं. म्हणून पुढचं सगळं मला जास्त झोंबलं.

मला विकत घेणारा माणूस तेव्हा एका छापखान्यात संगणक सांभाळायचा. घरी त्याला संगणकांचं आणि विज्ञानकथांचं वेड. नवं यंत्र आलं की तो ते खोलायचा, आठवडाभर वापरायचा आणि मगच ब्लॉगवर चार शब्द लिहायचा. कुठे अडलं तर सरळ लिहायचा, ‘हे मला कळलेलं नाही, कुणाला ठाऊक असल्यास सांगा.’ लोक सांगायचे. तोही आभार मानायचा. दर रविवारी तो मला उलटा करून झटकायचा आणि मऊ ब्रशने साफ करायचा. ते दिवस चांगले होते, खोटं कशाला बोलू?

मग लोक वाचायला लागले आणि याचं डोकं फिरलं. आठवड्याचं मत दिवसावर आलं, दिवसाचं तासावर. यंत्र दुकानात यायच्या आधीच ते कसं भिकार आहे हे आमच्याकडे लिहून तयार. विज्ञानकथेची पहिली वीस पानं वाचायची आणि शेवट कसा फसला यावर लेख ठोकायचा. चालू घडामोडींचं तर विचारूच नका. सकाळी दात घासताना बातमी वाचली की चहा गार व्हायच्या आत तोडगा हजर. बायकोने त्यांचं नाव ‘सर्वज्ञ’ ठेवलं. टोमणा होता तो, पण त्यांना आवडला. तेव्हापासून मीही त्यांना आमचे सर्वज्ञ म्हणतो आणि अहो-जाहो करतो. मान द्यायचा तर पूर्ण द्यावा.

एकदा सर्वज्ञांनी ‘यंत्राला मन असतं का?’ या विषयावर तीन हजार शब्द लिहिले. दूरच्या कुठल्याशा ग्रहावरच्या लोखंडी जीवांच्या दुःखावर पानंच्या पानं भरली होती. हे लिहिताना उजव्या हाताची बोटं चाटून माझ्यावर पुसणं चालू होतं, आणि एक वाक्य जुळेना म्हणून मला बुक्कीही बसली. शी! माझ्या बटणांच्या फटीत तेव्हा काय काय होतं ते सांगितलं तर तुम्ही जेवणार नाही.

पण मित्रांनो, घाण म्हणजे नुसता भुगा असता तर मी गप्प बसलो असतो. पुसला की गेला. आता खरी घाण सांगतो.

सर्वज्ञांची मोठी बहीण, आमच्या घरची ताई, शहराच्या पाणीपुरवठा केंद्रात नियंत्रण कक्षात होती. एकतीस वर्षं नोकरी. कुठल्या भागाचं पाणी किती वाजता सोडायचं, कुठल्या टाकीची झडप कधी बंद करायची, हे एका जुन्या संगणकावरून चालायचं. काळा पडदा, हिरवी अक्षरं. त्या संगणकाचा पासवर्ड दर पंधरा दिवसांनी बदलायचा आणि तोही बारा अक्षरी, असा वरून हुकूम होता. तीन पाळ्यांतली माणसं ती बारा अक्षरं कुठवर ध्यानात ठेवणार? त्यांनी चिठ्ठीवर लिहून ती पडद्याच्या कडेला चिकटवली. खोलीत बाहेरच्या कुणाला यायची परवानगी नव्हतीच, त्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

एका दुपारी ताई वाचायचा चष्मा भावाकडे विसरून गेली. सर्वज्ञांची बायको चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर तपासते. तिनेच त्याची सैल झालेली काडी घट्ट करून दिली होती. सर्वज्ञ तो चष्मा घेऊन केंद्रावर गेले. नियमाने ताईने बाहेर यायला हवं होतं, पण कामावरून हलता येईना, म्हणून तिने भावालाच दोन मिनिटं आत बोलावलं. सर्वज्ञांनी तेवढ्यात मोबाईल काढून त्या संगणकाचा फोटो घेतला. घरी आले ते हसतच. माझ्यावर तडातडा बोटं आपटून मथळा लिहिला, ‘पाणी सोडणारं भूत’. शहराचं पाणी अजून या खटाऱ्यावर चालतं, ही माणसं कुठल्या शतकात राहतात, वगैरे वगैरे. वर तो फोटो. बायको म्हणाली, “अहो, ताईंच्या ऑफिसची टिंगल कशाला? जिच्यामुळे आत गेलात तिचीच?” तर म्हणे, “ताईची नाही गं, व्यवस्थेची.”

मोठ्या साहेबांना घरबसल्या टाक्यांची पातळी दिसावी म्हणून त्या जुन्या संगणकाला नुकतंच इंटरनेट जोडलं होतं. फोटो टाकल्यानंतर दहा-बारा दिवसांनी कुणीतरी बाहेरून, त्या खोलीतल्याच पासवर्डने, आत शिरलं आणि झडपा उलटसुलट केल्या. एका टोकाला टाकी भरून रस्त्यावर वाहिली आणि बाकीचं शहर दोन दिवस कोरडं पडलं. दवाखान्यांत बादल्यांनी पाणी न्यावं लागलं. पासवर्ड सांभाळायची जबाबदारी ताईची, म्हणून तिनेच तो कुणाला तरी दिला असणार असा ठपका ठेवून तिला घरी बसवलं, आणि चौकशी लागली.

आणि आमच्या सर्वज्ञांनी काय केलं? लेख लिहिला! ‘दोष यंत्राचा नसतो, माणसाचा असतो.’ बहिणीचं नाव घेतलं नाही, एवढी कृपा. पण पासवर्ड सांभाळता न येणाऱ्या कर्मचाऱ्यांवर दोन पानं झोडली. चिठ्ठ्या चिकटवणं हा कसा अडाणीपणा आहे हे मुद्देसूद समजावलं. आणि लेखाला शोभा म्हणून पुन्हा तोच फोटो लावला.

बायको दुकानातून आली, पर्स टेबलावर ठेवली आणि पडद्याकडे पाहून म्हणाली, “ती कडेची चिठ्ठी कसली?”

“कुठली?”

“ही काय. सात, एम, चौकोनी कंस... अहो, मला इथून उभ्याने वाचता येतंय.”

सर्वज्ञांनी फोटो मोठा केला. बाराच्या बारा अक्षरं स्वच्छ दिसत होती. जगाला पासवर्ड कसा जपावा हे शिकवणाऱ्या माणसाने आपल्याच बहिणीचा पासवर्ड स्वतःच्या हाताने चव्हाट्यावर मांडला होता, आणि एकदा नाही, दोनदा. मला वाटलं, आता हा माणूस उठेल आणि ताईकडे धाव घेईल. छे! त्याने दोन्ही लेखांवरून फोटो उडवला, खुर्ची मागे सरकवली आणि म्हणाला, “आता नाही कुणाला दिसणार.”

“ताईंना सांगा,” बायको म्हणाली.

“सांगतो ना. योग्य वेळ बघून.”

योग्य वेळ! मित्रांनो, ज्या माणसाला परक्या देशातल्या निवडणुकीवर बोलायला वेळ बघावी लागत नाही, त्याला सख्ख्या बहिणीपुढे तोंड उघडायला मुहूर्त लागत होता. बायको रोज विचारायची, हे रोज “आज नको” म्हणायचे. आणि त्या दिवसांत माझ्यावर काय लिहून झालं म्हणता? नव्या मोबाईलच्या कॅमेऱ्याचं परीक्षण! तिकडे ताईच्या इमारतीतले लोक रिकाम्या बादल्या तिच्या दाराशी आणून ठेवत होते. किराणा दुकानदार तिला पाहून मोठ्याने म्हणाला होता, “आल्या बघा, पाणीवाल्या बाई.” एकतीस वर्षांत जिने कारण नसताना सुट्टी घेतली नव्हती, ती बाई दिवसभर घराचे पडदे ओढून बसायची. बायको फोनवर तिच्याशी बोलायची तेव्हा हे सगळं मला ऐकू यायचं. सर्वज्ञांनाही यायचं.

आठव्या दिवशी ताई स्वतःच घरी आली. स्टूल ओढून माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, “उद्या दुपारी चारला चौकशी आहे. लेखी खुलासा द्यायचाय. तुझा हात चालतो लिहिण्यात. मी सांगते, तू लिही.”

ती सांगत गेली, हे लिहीत गेले. नोकरीची वर्षं, पाळीच्या वेळा, सगळं. मग ती सावकाश म्हणाली, “लिही, की गेल्या महिन्याभरात माझ्या पाळीत बाहेरची एकही व्यक्ती त्या खोलीत आलेली नाही.”

सर्वज्ञांची बोटं थबकली. मी मनात म्हटलं, आता तरी बोल रे, बाबा. आता नाही तर कधी?

त्यांनी ते वाक्य लिहिलं. अक्षर न चुकता लिहिलं. वर विचारलं, “‘एकही व्यक्ती’ की ‘कोणीही व्यक्ती’?”

अशी शिसारी मला उभ्या आयुष्यात आली नव्हती.

कागद छापून आला. ताईने तो वाचला, घडी घातली आणि माझ्यावरच ठेवला. “हा असू दे तुझ्याकडे. खोटं आहे ते, मी यावर सही करणार नाही. फोटो मी पहिल्याच दिवशी पाहिला होता, अरे. तुझा प्रत्येक लेख वाचते मी. पाणी गेलं तेव्हाच उमगलं होतं. वाटलं, लिहिता लिहिता थांबशील.”

“ताई, ते... मी सांगणारच होतो.”

“उद्या विचारतील मला. तुझं नाव माझ्या तोंडून यायचं नाही. कुणा परक्याचं असतं तर तेव्हाच सांगितलं असतं.” आणि ती गेली. पाणीसुद्धा न घेता गेली.

दुसऱ्या दिवशी सर्वज्ञ कामावर गेले नाहीत. सकाळी दहाला माझ्यासमोर बसले आणि लिहिलं, ‘तो फोटो मी काढला.’ मला भरून आलं, खरंच. पण मेली सवय जाते कुठे? पुढचं वाक्य आलं, ‘तथापि मुळात प्रश्न व्यवस्थेचा आहे.’ मग पासवर्डचा इतिहास आला. मग जुन्या यंत्रांचं जागतिक चित्र, मग माणूस आणि यंत्र यांच्या भावी नात्यावर दोन परिच्छेद. ‘मी काढला’चं ‘काढला गेला’ झालं, आणि अडीच वाजेपर्यंत पंधराशे शब्द झाले.

बायको दुकानातून अर्धी सुट्टी टाकून आली होती. तिने उभ्या उभ्या सगळं वाचलं.

“यात तुम्ही कुठे आहात?”

“अगं, मुद्दा मोठा आहे...”

“असेल मुद्दा मोठा. ताई एकच आहे. तीन वाजत आले. तुम्ही लिहिताय, की मी तिथे जाऊन सांगू?”

सर्वज्ञ पडद्यावर वर गेले, खाली आले, स्वतःला शोधत. सापडले नाहीत. त्यांनी ते पंधराशे शब्द एका झटक्यात निवडले आणि माझं खोडायचं बटण दाबलं. मग लिहिलं:

‘सतरा तारखेला दुपारी मी नियंत्रण कक्षात गेलो होतो. तिथल्या संगणकाचा फोटो मी काढला आणि माझ्या ब्लॉगवर टाकला. पासवर्डची चिठ्ठी त्या फोटोत वाचता येते. माझ्या बहिणीने पासवर्ड कुणालाही सांगितलेला नाही.’

खाली नाव आणि पत्ता. चौकशी अधिकाऱ्याला पाठवलं तेव्हा तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. तेच शब्द ब्लॉगवरही टाकले. वाचकांनी त्यांची सालटी काढली, ती त्यांनी बसून वाचली आणि एकालाही उलट उत्तर दिलं नाही.

ताईला परत कामावर घेतलं. पण बाहेरच्या माणसाला आत घेतलं म्हणून ताकीद मिळाली आणि नियंत्रण कक्षातून काढून तिला तक्रारींच्या खिडकीवर बसवलं. आता पाणी आलं नाही की लोक येऊन तिच्यावरच ओरडतात. भावाशी ती बोलते, पण त्याला घरी बोलावत नाही.

मित्रांनो, शेवटी वस्तू म्हणतात, आम्हाला पुसा, आम्हाला जपा. पुसलंत तर बरं वाटेल, नाही कशाला म्हणू? पण माझं मागणं दुसरंच आहे. जगावर मत द्यायला बसाल तेव्हा आधी शेजारच्या स्टुलावर कोण बसलंय ते पाहा, आणि चूक तुमची असेल तर ती त्याच दिवशी सांगा. सर्वज्ञांनी अखेर सांगितलं म्हणून लोक त्यांना प्रामाणिक म्हणतात. म्हणोत बापडे. त्या चार ओळी लिहायला माझ्यावर दोन मिनिटंही लागली नाहीत, हे मला ठाऊक आहे, आणि त्या दोन मिनिटांसाठी ताई नऊ दिवस पडदे ओढून बसली होती.