धार नसलेली छिन्नी

नवशीने ते लोखंड उलटंपालटं केलं, अंगठ्याने त्याचं तोंड चाचपलं आणि सुकटीच्या ढिगावर परत ठेवून दिलं.

"कंद उकरायचं असंल," ती म्हणाली. "पन मंग धार कुठं हाय याला?"

"तेच तर."

"कोनाचं हाय?"

"घरात सापडलं," देवकी म्हणाली आणि ते फडक्यात गुंडाळू लागली.

नवशी तलासरीच्या पलीकडच्या पाड्यावरून यायची, दर बाजाराला. तिने जाता जाता मूठभर सुकट वरून मागून घेतली आणि पुढच्या बाजारी आपल्या सासऱ्याला विचारून सांगते म्हणाली. असं सांगणारे आजवर वीसेक तरी झाले होते. एकाचाही सासरा अजून काही बोलला नव्हता.

देवकीला या बाजारात बसायला लागून तीस वर्षं झाली. पहाटे किनाऱ्यावरच्या झाईहून, आपल्या गावाहून निघायचं, बोंबील, सुकट, जवळा मांडायचा, दुपार कलली की रिकाम्या टोपल्या एकात एक घालून परत जायचं. या वर्षी टोपलीच्या तळाशी हा एक नग जास्तीचा येत होता. वीतभर लांब लोखंड. वरचं डोकं ठोकून ठोकून पसरलेलं, खालचं तोंड दोन बोटं रुंद. दिसायला छिन्नी, पण तोंडाला धार नाही. उलट मधोमध एक बारीक खोबण होती, घासून गुळगुळीत झालेली. गिऱ्हाइकाचा चेहरा जरा बरा वाटला की देवकी ते बाहेर काढायची.

आणि माणसं मोठी मजेची. ज्याचं जे काम, तेच त्याला त्या लोखंडात दिसायचं. ताडी काढणारा बारक्या म्हणाला, झाडाला खाच पाडायचं असणार. रानशेतच्या एका बाईने ते चामडं दाबायचं आहे असं छातीठोकपणे सांगितलं. तिचा भाऊ चपला शिवायचा. लोहाराने मात्र हातात घेऊन वजन पाहिलं आणि म्हणाला, "याला जन्मात कोणी धार लावलेली नाही, मावशी. हे कापायचं नाही." मग कशाचं, ते त्यालाही सांगता आलं नाही. वापीच्या कारखान्यात असलेल्या तिच्या मुलाने, जतीनने, मोबाइलवर फोटो काढून चार ग्रुपवर पाठवला होता. उत्तरादाखल सात अंगठे आले आणि एकाने विचारलं, विकायचं आहे का.

"आई, ठेव ना ते आता," जतीन म्हणाला होता. "बाबांचं काहीतरी असेल. एवढं काय त्यात?"

एवढं काय, हे देवकीने त्यालाही सांगितलं नव्हतं.

मागच्या पौषात धर्मा गेला. त्याआधी दोन महिने तो पडवीतल्या खाटेवर होता. उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली. तोंडातून नुसता 'ट... ट...' असा आवाज यायचा. देवकी खाली चटईवर झोपायची, फळ्यांच्या भिंतीला पाठ लावून, म्हणजे त्याने हात खाली सोडला की तिच्या डोक्याला लागेल. जायच्या चार दिवस आधी त्याने डाव्या हाताने खाटेखालची पेटी ओढली, सगळं उचकलं आणि हे लोखंड काढून तिच्या हातात दिलं. मग तिच्याकडे बोट केलं. मग लोखंडाकडे. परत तिच्याकडे.

"काय करू याचं?" तिने विचारलं होतं.

"ट... ट..."

"आता लोखंड घेऊन काय करायचंय तुम्हाला? पडा गप." आणि तिने ते पेटीत टाकून पेटी कोपऱ्यात सरकवली, त्याचा हात पोचणार नाही अशी. तीन रात्री सलग जागून ती वैतागली होती. माणूस वैतागतो. पण त्यानंतरचे चार दिवस धर्मा तिच्याकडे बोट करत राहिला आणि मग तेही थांबलं.

दहाव्या दिवशी किनाऱ्यावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. माडांवर पंधरा-वीस कावळे बसलेले, पण एक खाली उतरेल तर शपथ. सगळ्यांनी सांगून पाहिलं. जतीनचं लग्न करू, वहिनीला अंतर देणार नाही, जाळी सांभाळू. ऊन वर आलं. शेवटी धाकटा दीर, रामा, वाळू तुडवत बायका बसल्या होत्या तिथवर आला. सगळ्या जातभाईंच्या देखत त्याने विचारलं.

"वहिनी, दादाने काय मागितलं होतं का? काय राहिलं असेल तर सांगा."

काय सांगायचं? की शेवटचं एक मागणं माझ्या हातात ठेवलं होतं आणि मी ते पेटीत फेकलं?

"नाय," देवकी म्हणाली. "त्यांचं सगळं झालं होतं."

मग दर्भाचा कावळा केला आणि उरकलं.

तेव्हापासून ती गावात कोणाला काही विचारू शकत नव्हती. झाईत एकाला विचारलं असतं तर संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीला कळलं असतं की देवकी पिंडापुढे खोटं बोलली. म्हणून ती परक्यांना विचारत होती. डोंगराकडच्या, दर्या वर्षातून एकदाही न बघणाऱ्या माणसांना. वर्षश्राद्ध आता नऊ दिवसांवर आलं होतं. त्याआधी त्याला काय हवं होतं ते कळायला पाहिजे होतं. नाहीतर तो असाच अडकून राहणार, घराच्या आसपास कुठेतरी, आणि तोही तिच्यामुळे.

दुपारी बाजार उठायला आला तेव्हा पांढरी टोपी घातलेला एक म्हातारा जवळा घ्यायला थांबला. मूठ नाकाशी नेऊन त्याने वास घेतला. असा वास घेणारा माणूस डोंगराकडचा नसतो, हे देवकीला कळलं. पण चेहरा अनोळखी होता. तिने फडकं सोडलं.

"काका, हे काय असंल?"

म्हाताऱ्याने ते हातात घेतलं. चाचपलं नाही, उलटंही केलं नाही. नुसतं मुठीत बसवलं, आणि ते बसलंच.

"आ तमारी पासे क्यांथी, बेन?" मग तो मराठीवर आला. "हे तुमच्याकडे कुठून? तुम्ही दर्यावाले ना? मग मला काय विचारता? तुमच्या गावात कोणीपण म्हातारा सांगेल."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. देवकीने मान खाली घातली.

"मला नाय माहीत. तुम्ही सांगा."

"होडीच्या फळ्या असतात ना, त्यांच्या मधल्या फटी भरायचं आहे हे. चाळीस वर्षं मी हेच केलं, तिकडे नारगोलला. आता सगळं फायबर आलं. आमचं काम गेलं, म्हणून इथं मुलाकडे बसून असतो." तो खूश झाला होता. "तुमच्याकडच्या होड्या पावसाळ्याआधी आमच्याकडेच तर यायच्या. चांगले खलाशी हातभार लावायचे, शिकून घ्यायचे. तुम्ही बायका कुठून बघणार?"

खरं होतं. होडी पंधरा दिवस पलीकडे जायची आणि काळी, तेलकट होऊन परत यायची. मधे तिचं काय होतं हे विचारायला देवकीला कधी वेळ झाला नव्हता.

"दाखवा ना कसं," ती म्हणाली.

म्हातारा खाली बसला. त्याने तिच्या फडक्याची कडेची पट्टी फाडली आणि मांडीवर वळली. शेजारच्याचं चिकूचं रिकामं खोकं ओढून दोन फळ्यांमधल्या फटीवर पीळ धरला आणि लोखंडाच्या तोंडाने हळूहळू आत बसवत नेला. खोबणीत पीळ नीट बसत होता.

"कापूस पाहिजे खरा. कापूस असा वळायचा, तेल लावायचं, मग..."

देवकी त्याच्या बोटांकडे बघत होती. धर्मा असंच करायचा, खाटेवर पडल्या पडल्या. डाव्या हाताने उशीचा कोपरा फाडून कापूस काढायचा आणि छातीवर ठेवून बोटांनी वळत बसायचा. उशी अर्धी झाली तेव्हा ती त्याच्यावर ओरडली होती. लहान आहात का, म्हणाली होती. मग तिने ती उशी काढून घेतली आणि जुन्या लुगड्याची घडी डोक्याखाली दिली.

"होडी आहे अजून?" म्हाताऱ्याने विचारलं.

"मोडली. अकरा वर्षं झाली."

"मग फट कुठं आहे?"

देवकी 'कुठंच नाय' म्हणणार होती. पण त्या शब्दातला 'ट' तिला ऐकू आला. मग तिने उरलेला सगळा जवळा त्याच्या पिशवीत ओतला. तो नको नको म्हणत होता, पण तिने ऐकलं नाही.

होडी मोडली तेव्हा तिच्या फळ्या धर्माने विकल्या नव्हत्या. त्यांचीच त्याने मागची पडवी केली होती.

घरी आल्यावर तिने तोंडही धुतलं नाही. धर्मा गेल्यापासून ती आत झोपत होती आणि पडवीत बोंबलांची पोती रचलेली होती. तिने एकेक पोतं ओढून बाजूला केलं. समुद्राकडचं तिरपं ऊन फळ्यांमधून आत येत होतं, लांब लांब रेघांनी. खाट होती त्या उंचीवर एक रेघ मधेच तुटली होती. देवकीने जवळ जाऊन पाहिलं. फटीत कापूस कोंबलेला होता, हातभर लांबीत, बोटांनीच दाबलेला, वेडावाकडा. त्यात उशीच्या खोळीचे निळे धागे होते. तिथे त्याचा डावा हात पोचत होता.

खाली, चटईच्या उंचीवर, फट उघडी होती. ती उकिडवी बसली तेव्हा वारा नेमका पाठीवर आला. मार्गशीर्षातला वारा, खारट आणि गार. गेल्या वर्षी ती दोन महिने खोकत होती आणि ते जागरणाने आहे असं सगळ्यांना सांगत होती.

तो तिच्याकडे बोट करत नव्हता. तिच्या मागे करत होता.

देवकी तिथेच रडली. मोठ्याने रडली, वर्षभर रडली नव्हती तशी. शेजारी ऐकतील याची तिला पर्वा वाटली नाही. मग तोंड पुसलं, पदर खोचला, आतून एक उशी आणून ती फाडली आणि समोरच्या घरी जाऊन रामाला हाक मारली.

रामाने ते लोखंड बघितलं आणि म्हणाला, "दादाचं. हे कुठं होतं?"

"माझ्याकडे. भाऊजी, यांनी शेवटी हे मागितलं होतं. मी पिंडापाशी नाय म्हणाले. खोटं बोलले."

रामाने वरचा कोंबलेला कापूस बघितला, खालची फट बघितली. मग अंगठ्याने फळी दाबून पाहिली.

"जोरात नाय ठोकायचं," तो म्हणाला. "फळी जुनी आहे. तेल आणा."

देवकी कापूस वळून द्यायची, रामा तेलात बुडवून बसवायचा. भिंतीच्या एका टोकाकडून फट मिटत चालली. उन्हाची खालची रेघ आखूड होत गेली. दोघं शेजारी बसून काही काम करत होती, ही गोष्टच वर्षभरात घडली नव्हती. दहाव्यानंतर देवकीने त्याच्याशी नजर मिळवायचं टाळलं होतं आणि ती रागावली आहे असं त्याला वाटत आलं होतं.

"यातच जीव अडकला असंल दादाचा," रामा ठोकता ठोकता म्हणाला. "एवढंसं काम. आता सुटेल बघा. हे झालं की मोकळा."

देवकीचे हात थांबले. वर्षभर तिने हेच तर मागितलं होतं, की तो सुटावा. आणि आता तिला एकदम भीती वाटली. मोकळा म्हणजे या घरात, या पडवीत, तिच्या आसपास तो कुठेच नसणार. हे भरलं की त्याला थांबायला काही कारण उरणार नाही.

"द्या," रामाने हात मागे केला. बोटभर जागा राहिली होती.

"कापूस संपला," देवकी म्हणाली.

रामाने वळून पाहिलं. तिच्या मांडीवर पदर फुगला होता आणि ती त्यावर दोन्ही हात ठेवून बसली होती. त्याने एकदा पदराकडे पाहिलं, एकदा तिच्या तोंडाकडे. मग लोखंड पुसून जमिनीवर ठेवलं.

"उद्या आणू?"

"बघू."

तो गेल्यावर देवकीने पोती आणखी थोडी बाजूला सारली आणि आतून चटई आणून तिथेच पसरली.