मालकाचा शेवट

रेडिओवरच्या त्या गुन्हेमालिकेत एक गुप्तहेर होता, त्याचा बावळट मदतनीस होता आणि दर आठवड्याला एखादा तरी मुडदा पडायचा. पण लोक कामधाम सोडून कान लावून बसायचे ते मालकासाठी. मालक म्हणजे सगळ्या कटांमागचं डोकं. त्याने आयुष्यात कोणाला साधी चापट मारली नव्हती. अंधाऱ्या खोलीत बसून तो हळू आवाजात दोन वाक्यं बोलायचा, आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला तिजोरी फुटायची, नाहीतर कोणीतरी जिन्यावरून पडायचं.

मालकाला जन्म देणारी लेखिका पूर्वी शिवणकाम करायची. त्याला आवाज देणारा नट तिचा थोरला दीर, आणि काचेपलीकडे बसून ध्वनिमुद्रण करणारा, लागतील तसे पावलांचे, दारांचे आवाजही काढणारा तिचा नवरा. दिराच्या शब्दावर तिला हे काम मिळालं होतं, आणि तो तिला ते विसरू देत नसे. चारचौघांत म्हणायचा, "लेखिकाबाई आमच्याच. मी नसतो तर अजून मशीनच चालवत बसल्या असत्या." लोक हसायचे. नवराही हसायचा. भावाचा शब्द झेलण्यात त्याचं लहानपण गेलं होतं, आणि ती सवय केस पांढरे झाले तरी सुटली नव्हती.

एके दिवशी केंद्राच्या साहेबांनी तिला बोलावून घेतलं. पुढच्या महिन्यापासून नवा लेखक येणार होता. मालक तोच, आवाजही तोच. लिहिणारी तेवढी बदलायची होती.

"माझं काय चुकलं?" तिने विचारलं.

साहेब गोंधळले. "चुकलं कुठे? तुमची तब्येत साथ देत नाही, तुम्हालाच थांबायचंय, असं कळलं. तुमचे भाऊजीच सांगत होते. यजमानही होते की सोबत."

"यजमान काय म्हणाले?"

"ते काही बोलले नाहीत. मान हलवली."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काय झालं असेल ते तिला डोळ्यांसमोर दिसलं. दीर उघड खोटं बोललाच नसणार. हिची हल्ली दमछाक होते, नाही का रे, एवढंच त्याने भावाला विचारलं असणार. बाकीचं काम त्या हललेल्या मानेने केलं. ही रीत तिच्या चांगल्या ओळखीची होती. मालक असाच काम करायचा. हे तिनेच तर त्याच्यासाठी लिहून ठेवलं होतं.

घरी आल्यावर तिने नवऱ्याला विचारलं, "दमते का रे मी?"

तो बूट काढत होता. एक हातात, एक पायात, तसाच थांबला. "दादा म्हणाला, तुलाही जरा विश्रांती..."

"दादा काय म्हणाला ते नाही विचारलं."

तो दुसरा बूट काढू लागला. आतल्या खोलीत जाऊन तिने आपला शेवटचा भाग लिहायला घेतला.

लिहिणं आणि नटांकडून बसवून घेणं, दोन्ही तिच्याकडेच होतं. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी दीर नेहमीसारखा उशिरा आला, कोणाकडे न बघता माइकसमोर बसला आणि कागद चाळू लागला. नवरा काचेच्या आतच, आवाज काढायच्या कोपऱ्यात दाराची चौकट सरळ करत होता. पोलिसांचा वेढा पडलाय, मालक आपल्या माणसांना एकेक करून हाका मारतोय, कोणी येत नाहीये, आणि शेवटी मालक हात जोडून रडतोय, असं तिने लिहिलं होतं.

"हा रडतो?" दिराने विचारलं.

"रडतो."

"मालक रडत नसतो. बंदूक लावली तरी तो हसतो. लोकांना तेच आवडतं."

"मला नाही आवडत."

त्याने कागद नीट जुळवले आणि टेबलावर उपडे ठेवले. आवाज अजिबात चढवला नाही. "तुझ्या आवडीला कोण विचारतंय, बाई? लोक मला ऐकतात. तू गेल्याचं कोणाला कळणारसुद्धा नाही. मी हे वाचत नाही. आणि मी वाचलं नाही तर भाग होत नाही, आणि त्याचा जाब साहेब तुला विचारतील, मला नाही." मग मान न वळवता भावाला म्हणाला, "पाणी आण रे."

नवरा उठला.

ती त्याच्याकडे वळली. "मालकाचं एकही वाक्य नकोय मला आता," ती म्हणाली. "नुसती पावलं हवीत. मालकाचा जुना माणूस त्याच्या खोलीतून उठतो आणि निघून जातो. तेवढंच."

मदतनीसाचं काम करणारा नट खाली बघत राहिला. नवरा खोलीच्या मध्येच उभा होता. मग तो कोपऱ्यात परत गेला आणि तिथले कडक तळव्यांचे बूट पायात चढवू लागला. नाड्या बांधायला त्याला बराच वेळ लागला. तोवर तिने काचेपलीकडे जाऊन यंत्र सुरू केलं. लाल दिवा लागला.

तो लाकडी फळीवर चालू लागला. सावकाश, एकसारखा, माइकपासून लांब लांब. चौकटीतलं दार त्याने उघडलं.

"अरे," दीर म्हणाला, "कुठे चाललास?"

हा मालकाचा आवाज नव्हता. पातळ, चिरका, घाबरलेला आवाज होता. इतक्या वर्षांत तो तिने कधी ऐकला नव्हता. दार लागलं.

संध्याकाळी नवरा म्हणाला, "दादाचं ते वाक्य काढून टाक. पावलं पुरेशी आहेत."

"राहू दे ते."

"माझ्यासाठी काढ."

"मान हलवताना माझ्यासाठी थांबला होतास?"

भाग जसाच्या तसा लागला. लोक खूश झाले. असं काम मालकाच्या नटाने कधी केलं नव्हतं, म्हणाले. साहेबांनी सगळ्यांसमोर दिराची पाठ थोपटली. तो मान खाली घालून उभा राहिला, कारण तो अभिनय नव्हता हे सांगायची सोय उरली नव्हती. नव्या लेखकाने काही भाग लिहून पाहिले. पण मालकाने हळू आवाजात धमकी दिली की ऐकणाऱ्यांना हसू यायचं. मालिका गुंडाळली गेली.

जिन्यात दोघं एकदा समोरासमोर आले. दीर बाजूला झाला नाही, तीही झाली नाही.

"पोटात विष आहे तुझ्या," तो म्हणाला.

"आहे," ती म्हणाली. "तुम्ही वर्षभर वाचलंत की ते माइकवर."

नवरा आता भावाकडे जात नाही. बायकोशीही कामापुरतंच बोलतो. जेवताना तो रेडिओ लावतो, मोठ्या आवाजात, आणि ती तो बंद करायला सांगत नाही. तिला दुसऱ्या केंद्रावर काम मिळालंय. तिथेही त्यांना मालकासारखाच कोणीतरी हवाय, आणि तो कोणाच्या तोंडी द्यायचा हे या वेळी तीच ठरवणार आहे.